लिव्हर एकदाचा कडक झाला!

जुन्या गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक आज मार्गी लागला. ब्रेकच्या ऑइलमध्ये हवा शिरल्याने लिव्हर पार ग्रिपला टेकत होता. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून सगळा जोर तिथेच जिरतो.

ती हवा काढायला लिव्हर दाबून धरायचा, निपल (हवा-ऑइल बाहेर सोडणारा छोटा पोकळ स्क्रू) किंचित ढिला करायचा, पुन्हा आवळायचा, मगच लिव्हर सोडायचा. आधी सोडलात तर हवा परत आत! निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून आधी काळपट ऑइल आलं, मग बारीक बुडबुड्यांची माळ. माळ संपली तरी लिव्हर मऊच. हवा वर, मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळचा, ऑइल ढकलणारा पंप) बँजो बोल्टपाशी (ब्रेकची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) दडून बसलेली. चिंधी धरून बोल्ट जरासा सैल केला, फुस्स झालं, काम फत्ते.

डॉट ४, म्हणजे हे ब्रेक ऑइल, पेट्रोलच्या टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं मेलं. मागचा ब्रेक उद्या.