तुम्ही विचारलंत म्हणून: गेम स्टोअरवर आहे, तरी वेबसाइटवर कशाला?

ठाण्यात, आमच्या नौपाड्यात कुणी ओळखीचं भेटलं की हा प्रश्न येतोच. आम्ही दोघं मिळून मराठी शब्दकोड्यांचा एक छोटा गेम चालवतो. फोनच्या अ‍ॅप स्टोअरवर मिळतो, आमच्या वेबसाइटवरूनही थेट मिळतो. लोकांना वाटतं, स्टोअर विक्रीतून कापतं ते कमिशन वाचवायची युक्ती.

तसं फारसं नाही. ती 30 टक्क्यांची बोंब मोठ्यांची. वर्षाला दहा लाख डॉलरच्या आतल्यांना अ‍ॅपल आणि गुगल 2021 पासून 15 टक्केच लावतात. आमची मजल तिथवर गेली तर जांभळी नाक्यावर पेढे वाटीन.

मला गिऱ्हाईक ओळखीचं हवं असतं, इतकंच. मागे एका शिक्षिकेला 40 मुलांसाठी एकाच बिलावर गेम हवा होता. वेबसाइट होती म्हणून तासाभरात दिला.

पण थेट देणं दिसतं तितकं सोपं नाही. कळव्याच्या मावशीला लिंक पाठवली, तर फोनने ‘अनोळखी स्रोत, धोका’ असं काहीतरी दाखवलं. लगेच तिचा फोन: "तुझ्या गेममध्ये व्हायरस आहे का रे?"

एपिक गेम्ससारख्या बड्या कंपनीलाही हे चुकलं नाही. ऑगस्ट 2018 मध्ये त्यांनी ‘फोर्टनाइट’ अँड्रॉइडवर आणला तो प्ले स्टोअर टाळून. जगभर गाजलेला गेम, तरी एप्रिल 2020 मध्ये कुरकुरत प्ले स्टोअरवर यावं लागलं. त्या इशाऱ्यांचीच तक्रार करत. बरं, इशारे अगदीच पोकळ नसतात. गेम फोनवर टाकणाऱ्या एपिकच्याच इन्स्टॉलरमध्ये 2018 मध्ये सुरक्षेचं भगदाड निघालं होतं, आणि ते शोधलं गुगलने!

मग 13 ऑगस्ट 2020 ला एपिकने गेममध्ये स्टोअरचं कमिशन टाळणारी स्वतःची पेमेंटची सोय घातली. त्याच दिवशी अ‍ॅपल आणि गुगल दोघांनीही गेम काढून टाकला आणि कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. अ‍ॅपलविरुद्ध एपिक बहुतेक मुद्द्यांवर हरली. गुगलविरुद्ध मात्र डिसेंबर 2023 मध्ये ज्युरीने एपिकच्या बाजूने कौल दिला. ऑगस्ट 2024 मध्ये त्यांचं स्वतःचं मोबाइल स्टोअर निघालं: अँड्रॉइडवर जगभर, आयफोनवर फक्त युरोपियन युनियनमध्ये, कारण तिथे अ‍ॅपलने दुसरी स्टोअरंही येऊ द्यावीत असा कायदाच झाला होता.

एपिक काही संत नव्हे. दुसऱ्याचं दुकान नको म्हणून त्यांनी आपलं थाटलं, उद्या त्यांचाही माज वाढेल. पण शेजारी दुसरं दुकान उघडलं की पहिला दुकानदार जरा नीट बोलायला लागतो, हे गोखले रोडवर राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून वेबसाइट चालू ठेवलीय, महिन्याला तीनचारच खपले तरी.

मावशीकडे शेवटी मीच गेलो. पोहे खाता खाता तिच्या फोनवर गेम टाकला. आता ती बाविसाव्या कोड्यावर अडकलीय आणि रोज रात्री फोन करून उत्तर विचारते.