इंजिन तीन दिवसांत बसले, नंबर बसायला अकरा आठवडे लागले

आमच्या 1999 सालच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये दोन पलंग, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी आहे, आणि कागदोपत्री तिची नोंद मोटार कॅराव्हॅन अशी आहे. माहूर, औंढा नागनाथ, परळी ही सगळी क्षेत्रे आम्ही हिच्यातूनच केली. मागच्या उन्हाळ्यात मात्र बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या घाटात ती दुसऱ्या गिअरवरही कुथू लागली, आणि ऑइल भरायच्या तोंडाचे झाकण काढताच धुराचा लोट बाहेर आला. मिस्त्रींनी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, मोजले, तेव्हा चारपैकी तीन सिलिंडरांत 21 बारच्या आसपास आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरात अवघे 14 निघाले. मर्सिडीजच्या परवान्याने इथे तयार झालेल्या या ओएम 616 इंजिनाला किमान 15 बार लागतात आणि सिलिंडरांमधला फरक 3 बारच्या आत असावा लागतो. सिलिंडर आतून बोअर करून नवे पिस्टन टाकावेत असे आधी ठरले होते. पण इंजिन उघडल्यावर ब्लॉकलाच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यालाच, तडा दिसला.

इंजिनाऐवजी इलेक्ट्रिक किट बसवायचा विचार मुलाने फार लावून धरला होता. बॅटरीचे वजन, पलंगाखालची जागा आणि हिंगोलीकडच्या रस्त्यांवर चार्जिंग कुठे मिळेल हा प्रश्न मांडल्यावर तोही गप्प झाला. शिवाय त्या विशिष्ट गाडीसाठी मंजुरी मिळालेलेच किट लागते. सीएनजीसाठी डिझेल इंजिनात स्पार्क प्लगची सोय करून कॉम्प्रेशन उतरवावे लागते, म्हणजे जवळपास नवे इंजिनच घडवायचे. खरा मोह झाला तो संगणकाच्या हुकमाने इंधन सोडणाऱ्या कॉमन रेल डिझेल इंजिनाचा, कारण ताकद जास्त आणि धूर कमी. परंतु त्याच्यासोबत संगणक, सेन्सर आणि वायरिंगचे अख्खे जाळे येते, आणि रात्री आडरस्त्याला एखादा सेन्सर रुसला तर स्कॅनर घेऊन कोण येणार? शेवटी एका जुन्या ट्रॅक्स गाडीतून निघालेले त्याच जातीचे ओएम 616 मी भंगारवाल्याकडून 65,000 रुपयांना घेतले. माउंटिंग जुळली, गिअरबॉक्स तोच राहिला, आणि तीन दिवसांत काम आटोपले असते.

‘असते’ असे म्हणण्याचे कारण परिवहन कार्यालय. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये बदलाआधी नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी सांगितली आहे, आणि मंजुरीशिवाय बदल झाला असेल तर तो 14 दिवसांत कळवावा लागतो. मी शहाणपणा करून आधीच अर्ज घेऊन गेलो. पहिल्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितले, “काका, इंजिन बसवून गाडी तपासणीला आणा, त्याशिवाय इंजिनाचा नंबर कसा पाहणार?” त्याप्रमाणे बसवून नेले, तर तपासणीच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न केला, “परवानगी न घेता इंजिन बसवलेच कसे?” बाईंनी सांगितले होते, हे उत्तर लेखी नसल्यामुळे ग्राह्य नव्हते. पुढच्या खेपेला त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालाचा दाखला दिला. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. पण माझ्या इंजिनाचा प्रकार, इंधन आणि घनक्षमता यांपैकी काहीही बदलले नव्हते, बदलला होता केवळ ब्लॉकवर कोरलेला इंजिनाचा नंबर, आणि एवढी गोष्ट पटवायला चार खेपा गेल्या.

ती पटली तेव्हा ठसा आडवा आला. नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेल्या ठशात एक आकडा त्यांना 3 दिसत होता, भंगारवाल्याच्या बिलावर मात्र 8 होता. मिस्त्रींनी डिझेलने ब्लॉक पुसला, मोबाइलचा टॉर्च धरला, मलाही 8 स्पष्ट दिसला. साहेबांनी चष्मा वर करून पाहिले आणि “पुढच्या मंगळवारी या” म्हणून ते जेवायला गेले. त्या दिवशी तिथल्या बाकावर बसून मी किती शिव्या गिळल्या, हे फक्त माझी पत्नी जाणते. पुढच्या मंगळवारी साहेब रजेवर होते. अखेर ते इंजिन ज्या ट्रॅक्सचे होते, तिच्या रद्द झालेल्या नोंदणीची प्रत भंगारवाल्याच्या पोत्यातून निघाली, तीत 8 छापलेला होता, आणि अकरा आठवड्यांचा वाद पाच मिनिटांत मिटला.

म्हणून जुने इंजिन घेणाऱ्याने पैसे मोजण्याआधी मूळ गाडीच्या रद्द नोंदणीची प्रत मागावी. नुसत्या बिलावर विसंबू नये. ते इंजिन चोरीच्या गाडीचे नाही याचा पोलिसांकडील दाखलाही मी जोडला होता, त्यावर कोणी आक्षेप घेतला नाही. खिडकीवर जे सांगतील ते अर्जाच्या मागे लिहून देण्याची विनंती करावी. मला हे नवव्या खेपेला सुचले. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती लागते, माझ्यावर ती वेळ आली नाही. आणि एक राहिलेच: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होते, त्या तपासणीत नंबर जुळला नाही तर सगळेच अडते. आमचे नूतनीकरण 2024 मध्ये झालेले होते, एवढे नशीब.

विमा कंपनीने नवा नंबर पॉलिसीवर एका दिवसात चढवला. जुना ब्लॉक मात्र अजून मिस्त्रींच्या शेडमध्ये पडून आहे. तो भंगारात घालायचा तर त्याची पावती कोणत्या खिडकीवर दाखवायची, हे विचारायला पुन्हा त्या कार्यालयात जाण्याची माझी तयारी नाही.