रोहतांगचं परमिट: मनालीला निघण्याआधी एवढं बघून घ्या

मनालीची सहल बाकी सगळी सुरळीत होते. चंदीगडहून व्होल्वो मिळते, हॉटेल मिळतं, हिडिंबा मंदिर आणि जुनी मनाली पायी होतात, वशिष्ठचं गरम पाण्याचं कुंड तीन किलोमीटरवर आहे. गाडं अडतं ते रोहतांग खिंडीपाशी. आमचंही तिथंच अडलं, आणि ज्या टूरवाल्याने अडवलं त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘रोहतांग’ असं स्वच्छ लिहिलं होतं. मनालीत पोचल्यावर कळलं की गाडी अटल बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावाला जाणार. बोगद्याचं जुनं नाव रोहतांग टनेल, त्यामुळे ‘रोहतांगच आहे की’ हे उत्तर तयार होतं. ही चक्क फसवणूक आहे. बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला, साधारण ३,१०० मीटर उंचीवर. रोहतांग खिंड मनालीपासून ५१ किलोमीटरवर, ३,९७८ मीटर उंचीवर. बोगदा डोंगराच्या पोटातून जातो, खिंडीत माथ्यावर चढावं लागतं. बोगद्याला परमिट लागत नाही, खिंडीला लागतं. म्हणून सोपा तो बोगदा गळ्यात मारतात.

परमिटची टंचाई खरी आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशामुळे रोज १,२०० पर्यटक गाड्यांनाच वर सोडतात: ८०० पेट्रोल, ४०० डिझेल. मंगळवारी रस्त्याच्या देखभालीसाठी पर्यटकांना खिंड बंद. आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्या मे महिन्यात आणि तिथला हंगामही तेव्हाच, त्यामुळे कोटा बघता बघता संपतो. मनालीतला मुक्काम ठरवताना मंगळवार सोडून निदान दोन सकाळी रोहतांगसाठी मोकळ्या ठेवा. एकच दिवस हाताशी असेल तर टूरवाल्याच्या हातात सापडलात म्हणून समजा.

अर्ज कुल्लू जिल्हा प्रशासनाच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा. साध्या कारला ५०० रुपये परमिटचे आणि ५० रुपये गर्दीशुल्क. गाडीची नोंदणी, चालकाचा परवाना आणि चालू पीयूसी लागते. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीला परमिट नाही; घरची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी आरसी बुकावरची तारीख इथंच बघून घ्यावी. टॅक्सीवाला या ५५० रुपयांचे काही हजार सांगतो. ते द्यायचे की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण परमिट हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परमिट माणसांच्या नावावर नसतं, गाडीच्या नंबरवर असतं, आणि तेही एका तारखेपुरतं. आदल्या रात्री ‘गाडी बदलली, दुसरी पाठवतो’ असा फोन आला की ते परमिट संपलं. म्हणून छापील परमिट मागा आणि गाडीत बसण्याआधी नंबरप्लेटशी एकेक अक्षर जुळवा. दुसरा टॅक्सीवाला केला तेव्हा पहाटे पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात आम्ही हेच केलं, आणि गुलाबाच्या तपासणी नाक्यावर पोलिसाने नेमकं तेच पाहिलं: तारीख, नंबर, झालं. बॅरिअर वर गेल्यावर जो आनंद झाला तो वेगळाच.

गाडी कुठं चालली आहे हे ओळखायची खूण पलचानला आहे. तिथं फाटा फुटतो. डावीकडे सोलंग आणि बोगदा, सरळ वर कोठी, गुलाबा, मढी आणि रोहतांग. चालकाने डावीकडे वळवली तर तिथंच थांबवून विचारा. ‘स्नो पॉइंट’ या शब्दावरही विश्वास ठेवू नका. जिथं बर्फ दिसेल तो स्नो पॉइंट, मग ती कोठी असो नाहीतर मढी.

वाटेत बर्फाचे कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकानं लागतात. चालक ठरलेल्या दुकानापुढेच थांबतो. जून संपत आला असेल तर आधी वर बर्फ किती उरलाय ते विचारा, नाहीतर कोट नुसताच अंगावर वागवाल. हिवाळ्यात बर्फ पडला की खिंड बंद होते, तेव्हा डिसेंबरच्या सहलीत कुणी रोहतांग लिहून दिलं तर त्यावर विसंबू नका.

मढीला खाऊन घ्या, वर जेवणाची सोय धरू नका. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे. एका सकाळीत जवळजवळ दोन हजार मीटर चढलं की डोकं दुखतं, मुलांना मळमळतं. वर पळापळ नको, पाणी पीत राहा, दुपारी वारा सुटायच्या आत उतरायला लागा.

परमिट मिळालंच नाही तर हिमाचल परिवहनच्या बसची मनाली बसस्थानकावर चौकशी करा. हंगामात ती रोहतांगला जाते आणि प्रवाशाला वेगळं परमिट काढावं लागत नाही. टूरवाले हे कधीच सांगत नाहीत.