वैद्यबुवांचं पान मी का काढायला लावलं

"सर, आपल्याच वैद्यबुवांचं विकिपीडियावरचं पान तुम्ही का काढायला लावलंत?" अमळनेरच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, परवा तर एका दशक्रियेला बोरी नदीच्या काठावरसुद्धा मला हे विचारलं गेलं. दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटतो आणि दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर तेच दिसतं, की मास्तर उलटला. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

ते पान लिहिलं होतं मीच, 2012 साली. आईची संग्रहणी वैद्यबुवांच्या औषधाने थांबली असं आमच्या घरात मानतात. मीही मानतो. त्या उपकाराची फेड म्हणून लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, 'खान्देशातील ख्यातनाम नाडीवैद्य'. ख्यातनाम कुणी म्हटलं होतं? मी.

मला आयुर्वेदाचं वावडं आहे, हे मात्र कृपा करून म्हणू नका. केरळातल्या कोट्टक्कलचे वैद्य पी. के. वारियर यांचं पान विकिपीडियावर आहे आणि ते असायलाच हवं. 1902 साली स्थापन झालेली आर्य वैद्यशाला त्यांनी कित्येक दशकं सांभाळली, 1999 साली पद्मश्री आणि 2010 साली पद्मभूषण मिळालं, आणि ज्यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही अशा लोकांनी त्यांच्याविषयी लिहून ठेवलं. विकिपीडिया एवढंच विचारतो, की या माणसाशी देणंघेणं नसलेल्या कुणी, भरवशाच्या जागी, त्याच्याविषयी सविस्तर लिहिलंय का? औषधाला गुण आहे की नाही, हे त्या प्रश्नात येतच नाही. पदवी, नोंदणी, दारातली पेशंटांची रांग, यातलं काहीही पुरत नाही. एका सर्जनचं पानही मी याच कारणाने काढायला लावलं. त्याबद्दल मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

आता पिशव्यांचं सांगतो.

वैद्यबुवा गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी पानावर संदर्भांची मागणी करणारा साचा, म्हणजे तयार सूचनेची पाटी, मीच लावला. दुसऱ्या कुणी बोट ठेवायच्या आत आपणच पान भक्कम करावं, हा हेतू. त्यांच्या थोरल्या मुलाला निरोप धाडला, कात्रणं असतील तेवढी घेऊन ये. तो जिनिंगमध्ये मुकादम आहे. रविवारी सकाळी दोन कापडी पिशव्या घेऊन आला. पलंगावर चादर अंथरून आम्ही एक पिशवी मोकळी केली. तो एकेक कागद दोन्ही हातांनी पुढे करायचा, मी वाचून डावीकडे ठेवायचो. एका दैनिकाच्या पुरवणीतलं अर्धं पान, फोटोसकट. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात'. डावीकडे. सत्काराची बातमी, चार ओळी, त्यात बारा जणांची नावं. डावीकडे. एक स्मरणिका, तिचे संपादक वैद्यबुवांचे व्याही. तीही डावीकडे. उजवीकडे चादर रिकामी होती आणि ते त्याच्या लक्षात आलं होतं. तो बोलला नाही, पण कागद पुढे करताना त्याचा हात हळू झाला.

मग त्याने शेवटासाठी राखून ठेवलेलं कात्रण काढलं. श्रद्धांजलीचा लेख, तीन कॉलम. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने वाचायला लागलो. दुसऱ्या परिच्छेदात जीभ अडखळली. 'खान्देशातील ख्यातनाम नाडीवैद्य.' पुढची वाक्यंही माझीच, शब्दाला शब्द. जन्मसाल 1931. ते साल मी अंदाजाने टाकलं होतं, आईच्या आणि त्यांच्या वयातल्या फरकावरून.

"पाहा सर, पेपरात आलंय," तो म्हणाला. "आता तर मानतील ना?"

मी विचारलं, घरात 1931 चा काही कागद आहे का? नव्हता. "तुमच्याच पानावर होतं ना," तो म्हणाला. घरातल्या फोटोखाली त्यांनी तेच साल पेंटरकडून रंगवून घेतलं होतं.

माझा अंदाज त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी जाऊन टांगला गेला होता. त्या रात्री मी चर्चापानावर 'वगळावे' असं लिहिलं. पुढे प्रचालकांनी पान काढलं. मुलाचा फोन आला. एवढंच म्हणाला, "मना बापनं नाव कसाले पुसं, सर?"

मी बरोबर होतो, असं मला बहुतेक दिवशी वाटतं. पण 2012 चा मी गप्प बसत नाही. तो म्हणतो, असोद्याच्या बहिणाबाई 1951 साली गेल्या. तेव्हा हीच मोजपट्टी लावली असतीस तर काय मिळालं असतं? काहीच नाही. गाणी छापून आली ती 1952 साली. मी म्हणतो, मग पान त्यानंतर झालं असतं, ज्ञानकोश मागूनच चालतो. तो म्हणतो, बहिणाबाईंचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, आईची गाणी अत्र्यांपर्यंत नेऊ शकला. जिनिंगमधल्या मुकादमाने कुठे जायचं? आणि हाच वैद्य पुण्यात सदाशिव पेठेत असता, तर त्याच्यावर एव्हाना कुणीतरी लिहिलं नसतं का? याला माझ्याकडे उत्तर नाही. लिहिलं असतं.

दुसऱ्या पिशवीत वह्या होत्या, एकतीस. रोग्याचं नाव, गाव, नाडी, औषध, पथ्य, घेतलेले पैसे. पैशांच्या रकान्यात कुठे 'ज्वारी दोन पायली', कुठे नुसती रेघ. त्या दिवशी मी त्या कडेला सारल्या, कारण मूळ वह्या वाचून स्वतः निष्कर्ष काढणं विकिपीडियावर चालत नाही. आईचं नाव तेवढं शोधलं. सापडलं. पुढे 'ताकावर ठेवणे', आणि त्यापुढे काही नाही. बरी झाली की नाही, ते त्यांनी लिहिलेलं नव्हतं.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. ज्या माणसाने गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा केली, त्याच्या नावाचं. या वह्यांची जागा तिथे आहे असं मला वाटतं. त्यात जिवंत माणसांचे आजार आहेत, ते झाकावे लागतील. पण पन्नास वर्षांत इथे कुणाला काय होत होतं, आणि एक वैद्य त्यावर काय देत होता, हे तिथे कुणीतरी नीट वाचेल आणि लिहील. मागच्या महिन्यात मुलाच्या घरी जाऊन त्याला हे सांगितलं. त्याने चहा दिला. फोटोखाली 1931 तसंच आहे. पिशवी खुंटीला होती.

"पहिले पान लावा सर," तो म्हणाला, "मंग वह्या लई जा."