तुम्ही विचारलंत म्हणून: प्लेस्टेशन घेऊ की एक्सबॉक्स?

गणपतीत इथल्या न्यू जर्सीच्या मंडळात प्रसादाच्या रांगेत उभी असले की कोणीतरी हमखास विचारतंच, "तुला कळतं ना गं त्यातलं, पोराला ऑनलाइन खेळायचंय, प्लेस्टेशन घेऊ की एक्सबॉक्स?" (दोन्ही कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची मशीन, पहिलं सोनीचं, दुसरं मायक्रोसॉफ्टचं.) सांगलीहून वहिनीच्या मैत्रिणी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच विचारतात. मी म्हणते, "आधी त्याचे मित्र कशावर खेळतात ते विचार," आणि तेवढ्यात रांग पुढे सरकते आणि बोलणं तिथेच राहतं. समोरच्याला वाटत असणार की हिनं टाळलं. टाळलं नाही हो, खरंच तेच उत्तर आहे, फक्त ते मला कसं कळलं हे रांगेत सांगण्यासारखं नाहीये.

मी २००१ मध्ये एमएस करायला टेक्सासला आले. आमच्या खालच्या मजल्यावर चार देसी मुलं राहायची, त्यांच्यात मिळून एक पीएस२ (म्हणजे प्लेस्टेशन २), आणि समोरच्या अपार्टमेंटमध्ये एकाने एक्सबॉक्स घेतलेला. शुक्रवारी रात्री खिचडी आणि पापड झाले की आम्ही सगळे या नाहीतर त्या घरात. आमच्याकडे तेव्हा ऑनलाइन वगैरे काही नव्हतं, चार कंट्रोलर आणि एक टीव्ही. एक्सबॉक्सवर हेलो नावाचा लढाईचा गेम होता, त्यात चार एक्सबॉक्स वायरने जोडून सोळा जणांना एकत्र खेळता यायचं, तर युनिव्हर्सिटीतली मुलं पाठीवर टीव्ही घेऊन एकमेकांच्या घरी यायची (तेव्हाचे टीव्ही, पंचवीस किलोचे). इतकी ओढ होती माणसांना एकमेकांशी खेळायची, आणि ती ओढ कुठल्या कंपनीने तयार केलेली नव्हती, आधीपासूनच होती.

कन्सोलवर घरबसल्या लांबच्यांशी खेळायची सोय पहिल्यांदा नीट कोणी केली असेल तर सेगा या जपानी कंपनीने, पण आता त्यांचं नाव कोणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यांचा ड्रीमकास्ट हा कन्सोल अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ ला आला तेव्हा त्याच्यात फोनलाइनवरून इंटरनेट लावायचा ५६के मोडेम आतच बसवलेला होता, वेगळा घ्यायला लागत नव्हता. फँटसी स्टार ऑनलाइन या गेममध्ये तर जपानी आणि अमेरिकन लोक तयार वाक्यं निवडून बोलायचे आणि समोरच्याला ती त्याच्या भाषेत दिसायची. क्वेक थ्री हा गेम ड्रीमकास्टवरून पीसीवाल्यांशी खेळता यायचं, म्हणजे दोन वेगळ्या मशीन एका मॅचमध्ये, तेही २००० साली! पण २००१ च्या मार्चमध्ये सेगाने ड्रीमकास्ट बनवणंच बंद केलं आणि सगळं तिथेच थांबलं.

मग २००२. सोनीने ऑगस्टमध्ये पीएस२ साठी नेटवर्क अडॅप्टर आणला, ४० डॉलरचा, मागे स्क्रूने बसवायचा, ब्रॉडबँड आणि डायलअप दोन्ही चालायचं. ऑनलाइन खेळायचे वेगळे पैसे बहुतेक गेम्सना नव्हते. पण प्रत्येक गेमवाल्याचा सर्व्हर वेगळा, नाव वेगळं, मित्रांची यादी वेगळी, एका गेममधला मित्र दुसऱ्या गेममध्ये सापडायचाच असं नाही. मायक्रोसॉफ्टने १५ नोव्हेंबरला एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन खेळायची सेवा सुरू केली, वर्षाचे ५० डॉलर, सोबत हेडसेट, एकच गेमरटॅग (खेळणाऱ्याचं ऑनलाइन नाव) सगळ्या गेम्सना, आणि डायलअप अजिबात नाही, मशीनला फक्त इथरनेटचं भोक. तेव्हा अमेरिकेत सुद्धा कितीतरी घरं डायलअपवर होती, तर लोक म्हणाले हे चालणार नाही. निन्टेन्डो या तिसऱ्या कंपनीने आपल्या गेमक्यूब कन्सोलसाठी अडॅप्टर काढला खरा, पण त्यावर ऑनलाइन गेम्स बोटावर मोजण्याइतके.

आता गंमत बघा, पीएस२ जगभरात १५ कोटींच्या वर विकला गेला आणि पहिला एक्सबॉक्स साधारण २.४ कोटी. आकड्यात काही तुलनाच नाही. तरी "ऑनलाइन" म्हटलं की आमच्या पिढीला एक्सबॉक्स आठवतो. माझ्या मते त्याचं कारण मशीनमध्ये नाहीच, ते त्या हेडसेटमध्ये आणि त्या एका नावात आहे. समोरच्याचा आवाज ऐकू येतो, उद्या परत तोच माणूस त्याच नावाने भेटतो, ओळख होते. ९ नोव्हेंबर २००४ ला हेलो २ आला, तोपर्यंत मी डॅलसला नोकरीला लागले होते, खालच्या मजल्यावरची मुलं चार वेगळ्या शहरांत गेलेली, आणि त्या गेममध्ये पार्टी करून सगळे एकत्र एका मॅचमधून दुसऱ्या मॅचमध्ये जायची सोय होती, सर्व्हर शोधत बसायला नको. आमचा शुक्रवार परत आला. प्रत्येकजण आपापल्या स्वयंपाकघरात, पण आवाज तेच. फक्त एकजण नव्हता, कारण त्याच्याकडे पीएस२ होता. त्याचा राग कोणावर नव्हता, त्याचा गेम त्याला आवडायचा, पण आमचे शुक्रवार त्याच्याशिवाय झाले आणि हळूहळू फोनही कमी झाले. माझं लग्न ठरलं ते त्याला दुसऱ्याकडून कळलं. हे मी कधी विसरले नाही.

पहिल्या एक्सबॉक्ससाठीचं लाइव्ह १५ एप्रिल २०१० ला बंद झालं. तेव्हा काही लोकांनी कन्सोल बंदच केला नाही, हेलो २ मधून बाहेरच आले नाहीत, आत होते तोपर्यंत कनेक्शन टिकलं आणि शेवटचे काही जण मे महिन्यापर्यंत आत होते. पुढे गेम नव्हता मिळणार म्हणून नाही, त्या आतल्या माणसांसाठी थांबले होते ते, असं मला वाटतं.

मग एका कंपनीच्या कन्सोलवरून दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवाल्याशी खेळता यायचं नाही, ही भिंत का होती? मला वाटायचं टेक्निकल अडचण असणार. पण फायनल फँटसी इलेव्हन या गेममध्ये पीएस२ आणि पीसीवाले २००२ पासूनच एकाच दुनियेत, २००६ पासून एक्सबॉक्स ३६० (पहिल्या एक्सबॉक्सनंतरचा) वालेही त्यात. आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तर फोर्टनाइटमध्ये पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवाले अचानक एकाच मॅचमध्ये दिसायला लागले, तो गेम बनवणाऱ्या एपिक कंपनीने सांगितलं की सेटिंगमध्ये चूक झाली आणि ते बंद केलं. म्हणजे चुकून चालू होतं! जी गोष्ट चुकून चालू होते ती अवघड कशी असेल? मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्येच आम्ही तयार आहोत म्हणून सांगितलं होतं (अर्थात तेव्हा ते मागे होते, मागे असलेल्याला दार उघडं हवंच असतं, ३६० च्या जोरात असताना त्यांनाही घाई नव्हती). सोनी पुढे होती, ती नाही म्हणत राहिली, आणि लोकांनी खूप आरडाओरडा केल्यावर २६ सप्टेंबर २०१८ ला फोर्टनाइटपुरतं हो म्हणाली. पुढे २०२१ मध्ये एपिक आणि ॲपलच्या खटल्यात कागद बाहेर आले, त्यात हिशेब होता: पोरगा जास्त वेळ प्लेस्टेशनवर खेळला पण खरेदी दुसरीकडून केली तर गेमवाल्याने सोनीला फरक भरून द्यायचा. भिंत पैशाची होती. धंद्याच्या बाजूने मला ते समजतं, पण त्या भिंतीच्या दोन बाजूंना पोरं होती आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, हे मला आजही लागतं.

आमच्याच घरात तसं होतं. माझा मुलगा इथे, भाचा सांगलीला, दोघांत एक वर्षाचं अंतर, दोघांकडे वेगवेगळे कन्सोल, मामाने आणि बाबाने एकमेकांना न विचारता घेतलेले. सुट्टीत सांगलीला गेलो की दोघं पाठीला पाठ लावून झोपायचे आणि इथे आलं की फोनवर "काय करतोस", "काही नाही", संपलं. २०१९ मध्ये पहिल्यांदा फोर्टनाइटमध्ये दोघं एका टीममध्ये आले. सांगलीत संध्याकाळचे साडेसात, आमच्याकडे सकाळचे दहा. अमेरिकेचा सर्व्हर घेतला की भाच्याला लॅग, म्हणजे सगळं उशिरा दिसायचं, म्हणून दोघांनी मधे युरोप निवडला, दोघांना थोडा थोडा त्रास. माझ्या मुलाच्या मराठीत तेव्हापासून जो फरक पडला तो रविवारच्या मराठी शाळेने पाच वर्षांत पडला नव्हता. माइकमधून वहिनीच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, मग "ताट वाढलंय, ठेव ते" अशी हाक, आणि माझा मुलगा इथून ओरडायचा, "मामी दोन मिनिटं, तो मेला तर मी एकटा पडेन!"

तर आता तुमचं. फोर्टनाइट, रॉकेट लीग, माइनक्राफ्ट, कॉल ऑफ ड्यूटी यातलं काही खेळायचं असेल तर कुठलाही घ्या, सगळे एकत्र खेळतात. जीटीए ऑनलाइनमध्ये मात्र प्लेस्टेशनवाला आणि एक्सबॉक्सवाला भेटत नाही, तिथे मित्राकडे जो आहे तोच घ्यावा लागेल. ईए एफसी या फुटबॉलच्या गेममध्ये आपला नवा (पीएस५) आणि त्याचा जुना (पीएस४) कन्सोल असेल तर जमत नाही, तेवढं बघून घ्या. विकतचे गेम्स ऑनलाइन खेळायला बहुतेक वेळा महिन्याचं किंवा वर्षाचं सबस्क्रिप्शन लागतं, फुकटच्या गेम्सना प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर लागत नाही, हे दुकानदार सांगत नाही. आणि बोलण्यासाठी कन्सोलची स्वतःची पार्टी (ग्रुपमध्ये बोलायची सोय) प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स एकमेकांत चालत नाही, गेममधलाच व्हॉइस चालू करा किंवा डिस्कॉर्ड हे बोलायचं ॲप.

हेडसेट मात्र चांगला घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

भाचा आता इंजिनिअरिंगला पुण्यात आहे, हॉस्टेलच्या वायफायवर काही चालत नाही, म्हणून तो शनिवारी सांगलीला गेला तरच दोघं खेळतात. मागच्या शनिवारी तो आला होता. मी चहा घेऊन खोलीत गेले तर मुलगा म्हणाला, "आई, दादा विचारतोय आत्या येते का, एक जागा आहे." मी चहा खाली ठेवला.