हेल्मेट लॉक करताना पट्ट्यावर विसंबू नका

गाडी लावली की बरेच जण हेल्मेट आरशावर अडकवून निघून जातात. ते चोरीला जाणं ही पुढची गोष्ट, पण ही सवय आधी हेल्मेटच आतून खराब करते. अस्तराच्या कापडाखाली कडक थर्माकोलचा थर असतो. अपघातात तो स्वतः चेपतो आणि डोक्याला बसणारा मार कमी करतो. मात्र एकदा चेपला की तो पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. आरशावर दीड किलोच्या आसपासचं वजन एका अरुंद कडेवर येतं, तेही रोज जवळपास त्याच जागी. अस्तर निघत असेल तर काढून आतून अंगठा फिरवा, खळगा पडला असेल तर बोटाला कळतो.

टाकीवर किंवा सीटवर नुसतं ठेवणंही नको. साइड स्टँडवर गाडी कललेली असते, जरा धक्का लागला की हेल्मेट घरंगळतं आणि काचेवर ओरखडे येतात.

पुष्कळ गाड्यांना सीटखाली किंवा मागे बाजूला हेल्मेटचा हुक असतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो, कारण मॅन्युअल कोणी उघडत नाही. सीट किल्लीने उघडा, पट्ट्याची डी रिंग, म्हणजे इंग्रजी D च्या आकाराची धातूची कडी, हुकात घाला, खट् आवाज येईपर्यंत सीट दाबा आणि मग हेल्मेट खाली ओढून खात्री करा. सायलेन्सरच्या बाजूला टांगू नका, गरम सायलेन्सरला टेकलं तर कवच आणि काच दोन्ही खराब होऊ शकतात. हुकाला हेल्मेट लटकवून गाडी चालवणं तर पूर्ण टाळा. ते मागच्या चाकात जाऊ शकतं.

हुकाची खरी अडचण वेगळीच आहे. सीटचं कुलूप कितीही भक्कम असलं तरी हेल्मेट लटकतं ते कापडी पट्ट्यावर, आणि तो धारदार कटरने काही सेकंदांत कापता येतो. म्हणून फुल फेस हेल्मेट असेल तर हनुवटीपुढची कवचाची पट्टी अडकवा. दोन्ही टोकांना फासे असलेली, प्लास्टिकचं आवरण चढवलेली, ३० ते ४० सेंटीमीटर लांबीची स्टीलची केबल घ्या. ती काचेच्या फटीतून आत घालून हनुवटीखालून बाहेर काढा आणि दोन्ही फासे सीटच्या हुकात घाला. ३-४ मिलिमीटर जाडी योग्य. त्याहून जाड केबलचा फासा बऱ्याच हुकांत बसत नाही, तेव्हा घेण्याआधी हुक मोजा. डी रिंगऐवजी दातेरी क्लिपचा पट्टा असेल त्यांनाही हाच उपाय. एक तोटा आहे: काच थोडी उघडी राहते, त्यामुळे पावसात वरून पिशवी बांधावी लागते.

हुक नसेल तर आकड्यांचं केबल लॉक चालतं. ते चासीच्या नळीतून किंवा बोल्टने पक्क्या बसवलेल्या ग्रॅब रेलमधून, म्हणजे मागे बसणाऱ्याने धरायच्या दांड्यातून, घ्या. आरशाच्या दांड्याला लावलेलं कुलूप निरुपयोगी, दांडा पान्याने सुटतो.

हाफ फेसला अशी पट्टी नसते. त्यासाठी डिकी, मागची पेटी, नाहीतर सरळ हातात.

स्कूटरच्या डिकीत हेल्मेट उलटं, म्हणजे तोंड वर करून, नीट बसतं. सीट बंद करायला जोर लावावा लागला तर थांबा, नाहीतर काचेचा खटका किंवा सीटचं लॅच तुटेल. ओलं हेल्मेट कोंडू नका, अस्तराला कुबट वास धरतो. आणि पेट्रोलचा डबा किंवा पेट्रोलने भिजलेलं फडकं त्याच जागेत कधीच नको: पेट्रोल थर्माकोल विरघळवतं, आणि थर्माकोल अस्तराखाली असल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही.

परत आल्यावर हेल्मेट उलटं करून झटका, आत किडा-मुंगी असू शकते. मग पट्टा दोन्ही मुळांशी जोरात ओढून बघा. कुणी अर्धवट कापून सोडला असेल तर तो शिवून वापरू नका. कंपनीचा मूळ पट्टा बदलून मिळत नसेल, तर हेल्मेटच बदला.