बॉईलचा नियम आणि इंजिनातला वेळ

विज्ञानाच्या तासाला आपण बॉईलचा नियम पाठ केला: आकारमान निम्मं केलं की दाब दुप्पट. ‘तापमान स्थिर असताना’ हे त्यातले तीन शब्द आपण घाईने म्हणून टाकायचो. पुढे ज्यांचा डिझेल इंजिनाशी संबंध आला, त्यांना त्या तीन शब्दांचं मोल कळलं. आज शाळेत शिकणाऱ्यांसाठी तेवढंच लिहितो.

मिनिटाला 1500 फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनात पिस्टन खालून वर यायला एका सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. दाबलेल्या हवेतली उष्णता एवढ्या वेळात लायनरमधून (ज्यात पिस्टन सरकतो त्या नळीतून) फारशी बाहेर पडत नाही. त्यामुळे 17 पट दाबलेल्या हवेचा दाब 17 पटींवर न थांबता 45 पटींच्या आसपास जातो आणि 30 अंशांची हवा सुमारे 540 अंशांवर पोचते. (गणित केल्विनमध्येच करायचं: 303 गुणिले 17 चा 0.35 वा घात.) डिझेल 210 ते 250 अंशांना आपोआप पेटतं, म्हणून स्पार्क प्लगची गरजच नाही.

आता थंडीतली सकाळ घ्या. हवा 10 अंशांची, लोखंड गार, हँडल हळू फिरतंय. दाबायला वेळ जास्त लागतो, उष्णता लायनरला जाते, पिस्टनभोवतीच्या झिजलेल्या रिंगांमधून हवा खाली निसटते. त्यामुळे मघाचा 0.35 चा घात 0.25 वर उतरला तर तापमान जेमतेम 300 अंश. कागदावर हेही पुरेसं दिसतं. पण डिझेलच्या थेंबांची वाफ होऊन पेट घ्यायला जे काही मिलिसेकंद मिळतात, त्यात काम उरकत नाही. धुराड्यातून पांढरा धूर येतो, तो न जळलेल्या डिझेलचा. म्हणूनच डिकंप्रेशन लिव्हर (व्हॉल्व उघडा ठेवून हवा दाबली जाऊ न देणारा दांडा) उचलून आधी फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि मगच लिव्हर सोडायचा. जोर वाचतो हे खरंच, पण मुख्य फायदा वेळेचा: हवा झटकन दाबली जाते.

कॉम्प्रेशन नेमकं कुठून जातंय हे पाहायला इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) काढून तिथे दाब मोजणारा गेज लावतात. आकडा कमी आला तर थोडं इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा फिरवायचं. दाब बराच चढला तर दोष रिंगांचा. तसाच राहिला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या झाकणामधलं पॅकिंग) बघायचं. इथे प्रमाण सांभाळा. 550 सीसीच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर असताना उरणारी जागा असते सुमारे 34 सीसी. चमचाभर, म्हणजे 5 सीसी तेल त्यात बसलं की हवा दाबण्याचं गुणोत्तर 17 वरून जवळपास 20 होतं आणि रिंगा चांगल्या असोत-नसोत, गेज चढतो. अर्धा चमचा पुरतो.

प्रसरणाकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. जळलेला वायू पिस्टन ढकलतो, ते काम करताना स्वतः थंड होतो. सुमारे 2000 अंशांवरून निघालेला वायू पूर्ण लोडवर 500-600 अंशांनी बाहेर पडतो. डिझेल पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ, उशिरा असेल तर जळणं लांबतं आणि प्रसरणाला वाव उरत नाही. मग ताकद कमी, डिझेल जास्त आणि सायलेन्सर तापून लाल. अशा वेळी रिंगा बदलून काही होत नाही. आधी पंपाखालच्या, टायमिंग ठरवणाऱ्या पत्र्याच्या शिम (पातळ चकत्या) मोजा.